दाजी, डिस्प्ले आला

दाजी, तुम्ही अक्काला बघायला राणीसावरगावला आलात, त्या दिवशी आमच्या घरात तुम्हाला बसायला टाकावं असं काही नव्हतं. आईनं शेजारून सतरंजी मागून आणली होती. कप पुरेना म्हणून चहा दोन पंगतींत झाला आणि पहिल्या पंगतीचे कप मीच मागच्या दारी घाईघाईनं विसळले. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते. रान म्हणायला होतं, पण माळावरचं, मुरमाड. पेरलेलं बी तरी परत येईल की नाही याची खात्री नसायची. आई आणि अक्का दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. दहावी झाली की मी ऊसतोडीच्या टोळीत जाणार, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण ठरलेलं होतं. मुकादम येऊन मला खालपासून वरपर्यंत बघून गेला होता. बैलासारखे दात बघितले नाहीत, एवढंच.

तुमच्या चुलत्यानं मानपानाचं बोलणं काढलं तेव्हा आई मान खाली घालून सतरंजीच्या दशा ओढत बसली. तुम्ही मला आधी विचारलं होतं की शाळेत काय जमतं, आणि मी म्हणालो होतो, विज्ञान. तेवढ्यावरच तुम्ही चुलत्याला मधे तोडलं. "काका, मानपान ऱ्हाऊ द्या. मला ह्यो मेव्हणा द्या म्हणा. पिंगळीला आपल्या घरी राहील आन रेल्वेनं परभणीला शिकाया जाईल."

लोक हसले. त्यांना वाटलं, नवरदेव चेष्टा करतोय.

लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर मी माझी पिशवी घेऊन पिंगळीला आलो ते पदवी घेऊनच बाहेर पडलो. बहिणीच्या घरी राहणाऱ्या पोराला गावात काय काय ऐकावं लागतं ते मला माहीत आहे, आणि ते तुम्हालाही ऐकावं लागलं. मेव्हणा फुकटचं खातो, असं कुणीतरी गिरणीतच म्हणालं, तेव्हा तुम्ही त्याचं दळण तोलता तोलता म्हणालात, "पिठाची गिरणी हाय माझी. पोरगं दोन भाकरी जास्त खाईल तर खाऊ द्या." आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो आणि मास्तर झालो. हे मी मोठेपणानं सांगतो, मला त्याची लाज नाही. पण निकालाच्या दिवशी तुम्ही मला नुसतं एवढंच म्हणालात, "या बीएस्सी. आता तरी दळणाचा हिशोब चुकनार न्हाई ना?" आणि त्या दिवसापासून तुम्ही मला माझ्या नावानं कधी हाक मारलीच नाही.

आपल्यात सरळ बोलायची रीत नव्हती, दाजी. दाजी-मेव्हण्यानं एकमेकाला टोमणेच मारायचे, कौतुक असलं तर ते वाकडं करून सांगायचं. ही रीत मला फार आवडायची. आता तिचाच राग येतो. इतक्या वर्षांत तुमचे आभार मानायला एक सरळ वाक्य मला बोलता आलं नाही, आणि त्याला कारण ही रीत. मी सरळ बोललो असतो तर तुम्ही अक्काला हाक मारून सांगितलं असतं, "अगं, तुझ्या भावाला ताप आलाय का बघ."

म्हणून रेणूच्या कॉम्प्युटरचा जिम्मा माझ्याकडे आला तेव्हा मला बरं वाटलं. बोलून नाही तर करून दाखवू, असं मनात होतं.

तुमची रेणू सिव्हिलचा डिप्लोमा झाली. परभणीतल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढायचं काम होतं. त्यांच्याकडे बसायला जागा नव्हती. ज्याचा स्वतःचा चांगला कॉम्प्युटर आहे त्याला ते काम घरी देत होते. रेणूला त्यांनी नमुन्याचा एक नकाशा काढून आणायला सांगितला. जमला तर काम, नाहीतर दुसरं कुणीतरी. बाकीचे नातेवाईक तिच्या लग्नाचं बोलत होते, आणि तुम्ही गिरणीतून मान वर न करता सगळ्यांना एकच उत्तर देत होता, "आधी पोरीनं काढलेलं घर मला त्या डब्यात बघायचंय. मंग बाकीचं." तिच्या त्या नव्या प्रोग्रामात घराच्या दारातून आत जाऊन खोल्याखोल्यांतून फिरता येतं, हे तिनं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते दळायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

तसल्या कामाला तयार कॉम्प्युटर घेणं झेपणारं नव्हतं. सुटे भाग आणून घरीच जोडायचं मी ठरवलं. बाकी सगळं मी परभणीतून आणलं. फक्त चित्रं पडद्यावर आणणारं ग्राफिक्स कार्ड नवं फार महाग होतं, ते तुम्ही नांदेडच्या तुमच्या ओळखीच्या माणसाकडून वापरलेलं आणलंत. माणूस खात्रीचा आहे म्हणालात.

सगळे भाग खंडेनवमीच्या आत घरात यायला पाहिजेत, हा तुमचा हट्ट. आणि त्या दिवशी मी आलो तर गिरणीत चौरंगावर जात्याच्या दगडाला टाके मारायची छिन्नी, पाना, तराजूची वजनं, आणि त्यांच्या रांगेत आपला मदरबोर्ड, रॅम, कार्ड, सगळं खोक्यांतून काढून मांडलेलं. झेंडूची फुलं वाहिलेली. गिरणीच्या लोखंडाला पाण्यातलं कुंकू धरत नाही, म्हणून तुम्ही ते नेहमी तेलात कालवायचे. त्याच वाटीत अंगठा बुडवून तुम्ही एकेका भागाला टिळा लावत होता. मी म्हणालो, दाजी, हे लोखंड नाही, याला असलं काही चालत नाही. तुम्ही शेवटचा टिळा लावून कार्ड उचललंत, तव्यावरची भाकरी उचलावी तसं दोन्ही हातांनी, आणि माझ्या पुढ्यात धरलंत. "घे बाबा. पूस. देवाला पुसनारा पयला बीएस्सी तूच."

मी रुमालानं सगळे टिळे पुसले. दिसत होते तेवढे.

जोडणी मधल्या खोलीत झाली. रेणू स्क्रू देत होती, तुम्ही मागे, दिवाळीच्या फटाक्याची वात पेटवताना उभं राहावं तसे उभे. बटण दाबलं. पंखे फिरले, आतले दिवे लागले, आणि पडद्यावर आलं की सिग्नल नाही. मी घामाघूम. थोड्या वेळानं कळलं की पडद्याची वायर मी कार्डाच्या भोकात न लावता खालच्या बोर्डाच्या भोकात लावली होती, आणि आपल्या प्रोसेसरला स्वतःचा डिस्प्ले नव्हताच. वायर बदलली आणि पडदा उजळला. अक्कानं हातातला तांब्या खाली ठेवला. तुम्ही म्हणालात, "हां, आता तसल्ली झाली." तुमचं वाक्य संपायच्या आत पडद्यावर आडव्या रेघा आल्या आणि सगळं काळं झालं.

तिथून आपलं ते लांबण सुरू झालं. कधी पडदा यायचा, कधी यायचाच नाही. आला तरी टिकायचा नाही. रेणूनं चार भिंती ओढल्या की पाचवीला अंधार. मी रॅम काढून पुन्हा बसवली. दुसरी वायर आणली. शाळेतला पडदा मुख्याध्यापकांना विचारून आणून लावून बघितला, त्यावरही तेच. प्रत्येक रविवारी मी गाडी काढून पिंगळीला यायचो आणि तुम्ही दारातच विचारायचे, "काय बीएस्सी, आज उजेड पाडनार का?"

तुमचं निदान पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. अर्थिंग. मोटर गरम झाली, अर्थिंग. रेडिओ खरखरला, अर्थिंग. एकदा अक्काचं डोकं दुखत होतं तर तुम्ही तिला म्हणालात की चप्पल घालून फिरतीस, अर्थिंग मिळंना तुला. तर कॉम्प्युटरलाही तेच. गिरणीची मोटर सुरू झाली की डबा बसतो, असं तुमचं म्हणणं. मी म्हणालो, बघू या. तुम्ही ऐन गर्दीत गिरणी बंद केलीत. बाया डबे घेऊन रांगेत, आणि आपण दोघं आत पडद्याकडे बघत बसलेलो. एक म्हातारी दारात येऊन म्हणाली, "आदी पीठ दी बाबा. टीव्ही मागून बग." तुम्ही तिला अगदी गंभीरपणे सांगितलंत की टीव्ही नाही, घर बघायलो, पोरीनं बांधलेलं. म्हातारी म्हणाली, मग त्या घरात तरी लवकर पीठ मिळतं का बघ.

गिरणी बंद असतानाही पडदा गेला. तरी तुम्ही ऐकलं नाही. पुढच्या वेळी आलो तर अंगणात खड्डा, त्यात कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी पुरलेली, आणि अक्का तुळशीला घालावं तसं त्यात पाणी घालत होती. तुमच्या छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलेलं होतं. खड्डा गड्याकडून खणून घेतला असं तुम्ही म्हणालात. मी विश्वास ठेवला.

आणि माझं निदान तेवढंच पक्कं. कार्ड गेलेलं आहे. सगळं बदलून बघितलं, एक तेच राहिलं होतं. मी म्हणालो, तुमच्या नांदेडच्या माणसानं मेलेलं कार्ड गळ्यात मारलं. तेवढ्यावर तुमचा चेहरा उतरला. माणूस खोटा नाही, त्याच्या बापाला मी ओळखतो, असं तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, बाप खरा असेल, मुलगाही खरा असेल, कार्ड खोटं आहे. आपण दोघंही मागं हटलो नाही. रेणू मधे उभी राहून एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला दोघांचीही बाजू नको होती, तिला पडदा पाहिजे होता. ऑफिसातून तिला फोन येऊन गेला होता. किती दिवस थांबायचं, असं त्यांनी विचारलं होतं.

त्या दिवशी निघताना तुम्ही गाडीजवळ आलात. आवाज खाली आणून म्हणालात, "पुढल्या ऐतवारी ते कार्ड बाहीर काढ. उनात धरून बगू दोघं. डोळ्यानं बगितल्याबिगर कुणाला खोटं म्हणू नाई."

मी म्हणालो, बघून काय कळणार त्यात. पण बघू.

रविवार आला नाही. गुरुवारी शाळा चालू असताना अक्काचा फोन आला, आणि फोनवर अक्काचा आवाज नव्हता, शेजारच्या कुणाचा तरी होता. तुम्ही दळण टाकायला उठलात आणि परत खाली बसलात, एवढंच सगळे सांगतात. मी पोचलो तेव्हा गिरणी बंद होती आणि टोपलीत कुणाचं तरी अर्धं दळलेलं ज्वारीचं पीठ होतं. ते कुणी घरी नेलं नाही, कुणी टाकलंही नाही.

तुमच्या दिवसांत माणसं येत राहिली आणि प्रत्येकजण मधल्या खोलीत त्या काळ्या पडद्यासमोरच बसायचा, कारण सतरंजी तिथंच टाकली होती. मला त्या पडद्याकडे बघवत नव्हतं. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते, सरळ बोलत होते. मला वाटायचं, हे तुम्ही ऐकायला असता तर तुम्हाला हसू आवरलं नसतं. आणि मला हेही वाटायचं की एवढा साधा हट्ट होता या माणसाचा, पोरीनं काढलेलं घर डब्यात बघायचं. लोकांचे हट्ट केवढे असतात. तुमचा एक पडदा लागण्याएवढा होता, आणि तो माझ्या हातून झाला नाही.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. रेणू माझ्याजवळ आली. ती रडत नव्हती. ऑफिसनं या आठवड्यापर्यंत वाट बघू म्हणून सांगितलंय, म्हणाली. मग म्हणाली, "मामा, पप्पा म्हणले होते ना कार्ड उनात धरून बघू म्हणून. बघू या की."

मला ते नको होतं. तुमच्याशिवाय ते करणं मला तुमच्याशी दगा केल्यासारखं वाटत होतं. पण तिचं तोंड बघून मी स्क्रू काढले. गिरणीच्या दारात सकाळचं ऊन होतं. आम्ही तिघं तिथं उभे राहिलो, मी, रेणू आणि अक्का. मी कार्ड उन्हात धरलं. आधी पंखा बघितला, मागची बाजू बघितली, जळाल्याची खूण कुठं नव्हती. मग खालची कड. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते, तीच बोर्डाच्या खाचेत बसते आणि तिच्यातूनच चित्राची सगळी माहिती कार्डात येते. त्या सोनेरी ओळीवर एका टोकाला लालसर, तेलकट डाग होता. मी कार्ड जरा तिरकं केलं.

अंगठा होता, दाजी. सगळ्या रेषा उमटलेला, आणि त्यांच्यामधून एक तिरकी कोरी फट गेलेली, गिरणीच्या पट्ट्यानं तुमचा अंगठा कापला होता त्या व्रणाची. टिळा लावून झाल्यावर तुम्ही मला कार्ड दिलं होतं ना, तेव्हाचा. मी वरचा टिळा पुसला, कड बघितलीच नाही, आणि तो अंगठा तसाच खाचेत बसवला. तेलावर धूळ बसली, पीठ बसलं, गिरणीच्या घरात ते कुठं नसतं. म्हणून कधी चालायचं, कधी नाही.

अक्कानं आधी ओळखलं. तिनं बोट पुढं केलं आणि लावलं नाही.

उपाय मला माहीत होता. सगळ्या दुरुस्तीवाल्यांना माहीत असतो, खोडरबरानं घासायचं. रेणूच्या ड्रॉइंगच्या सामानात पांढरं खोडरबर होतं, ते तिनं आणलं. आणि मग ते कुणालाच करवेना. मी हातात कार्ड धरून उभा, रेणू हातात रबर धरून उभी. तुमचं दुसरं काही उमटलेलं या घरात नव्हतं. सही करायचे तीसुद्धा घाईत, अर्धी. मी म्हणालो, राहू दे, दुसरं कार्ड बघू कुठून तरी. मला तेव्हा ते खरंच करायचं होतं.

अक्का म्हणाली, "दे हिकडं. पोरीच्या कामात कुणी आडवं यायचं न्हाई म्हनायचे. मंग त्येंनी तरी कामून यावं?"

आणि रबर तिनं घेतलं. मी कड धरली, तिनं घासलं. सावकाश, भांड्याचा पितळी काठ उजळावा तसं. लाल कण उंबऱ्यावर पडत राहिले, ते तिनं झाडले नाहीत, आम्हीही नाही. दुपारी गड्यानं गिरणी सुरू केली तेव्हा ते पिठात मिसळून कुठं गेले असतील ते गेले. फोटो काढून ठेवावा हे मला संध्याकाळी सुचलं. एवढं शिकून मला ते वेळेवर सुचलं नाही.

कार्ड बसवलं, बटण दाबलं, आणि पडदा आला. रेणूनं भिंती ओढल्या, दारं काढली, छत टाकलं. आम्ही रेघा येण्याची वाट बघत होतो. आल्या नाहीत. शेवटी तिनं त्या घराच्या दारातून आत जाऊन दाखवलं. ओसरी, मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं दार. अक्का खुर्चीत बसून बघत होती आणि प्रत्येक खोलीत कुठं खिडकी कमी आहे ते सांगत होती. तुम्ही काय सांगितलं असतं याचा विचार मी करत होतो. आत वीज कुठून आली, अर्थिंग कुठं आहे, हेच विचारलं असतं.

आपलं भांडण अर्धं राहिलं, तर त्याचा निकाल सांगून ठेवतो. नांदेडचा माणूस खरा होता. कार्ड चांगलं आहे. ते तुमचं बरोबर. अर्थिंगचं तुमचं चूक होतं, पण आधी डब्याला हात लावला की बारीक मुंग्या यायच्या, त्या तुमच्या खड्ड्यापासून बंद झाल्यात, म्हणून तेही पूर्ण चूक म्हणता येत नाही. आणि तो खड्डा गड्यानं खणला नव्हता. गड्यानंच सांगितलं मला, रडत. त्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार होतो, आता कुणाशी भांडू.

आणि ते सरळ वाक्य. इथं तुम्ही मधे तोडू शकत नाही म्हणून बोलून घेतो. दाजी, मुकादम मला बघून गेला होता, आणि तुम्ही मला मागून घेतलंत. मी जो काही आहे तो त्यामुळे आहे. हे मी तुम्हाला दर रविवारी गाडीवरून उतरता उतरता सांगू शकलो असतो. तुम्ही हसला असतात, तेवढंच झालं असतं. मी मात्र तुम्हाला दर रविवारी वायरी दाखवत राहिलो.

रेणूनं तो नमुन्याचा नकाशा मुदतीत पाठवला. साहेबांनी जिन्याच्या दोन पायऱ्या दुरुस्त करायला सांगितल्या, बाकी पास केला. त्यानंतर त्यांनी तिला वसमत रोडच्या एका घराचं खरं काम दिलं, ते तिनं पूर्ण केलं, आणि परवा तिच्या नावावर पहिली कमाई जमा झाली. आता ऑफिसचं काम तिच्याकडे कायम येतं. तुमची मुलगी पिंगळीत, तुमच्या घरात बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढते.